संस्कार होतात, मूल्यं मानावी लागतात

एका ताईंचा प्रश्न आला आहे. सातवीतल्या लेकीला 'माझी मूल्ये' हा निबंध लिहायचा होता. आजी म्हणाल्या, "मूल्यं कसली? संस्कार म्हण." दोन्ही शब्द एकच का?

नाहीत, ताई. फरक कोशापेक्षा क्रियापदांत लवकर सापडतो. संस्कार होतात, घडतात, केले जातात. मूल्यं आपण मानतो, जपतो, कधी नाकारतोही. 'माझ्यावर संस्कार झाले' या वाक्यात कर्ता मी नाही. 'मी समता मानते' यात मात्र कर्ती मीच आहे.

संस्कार म्हणजे मुळात नीट करणं, शुद्ध करणं. आयुर्वेदात पाऱ्यावर संस्कार होतात, वर्तमानपत्रात बातमीवर होतात, आणि अंत्यसंस्कार तर देहावरच होतो. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या पंडितांनी संस्काराचे तीन प्रकार मानले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. त्यांतली 'भावना' म्हणजे अनुभव सरल्यावर मागे उरलेला ठसा, ज्यातून पुढे आठवण जागी होते. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी सोडताच पुन्हा जागेवर येते तो गुण. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण या अर्थाने ठसा आईने उमटवला की टीव्हीने, हा प्रश्नच येत नाही. गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात रोज पाहणाऱ्या मुलीवरही संस्कारच होत असतो. मराठीने मात्र हा शब्द चांगल्यासाठीच राखून ठेवला. वाईट असेल तर 'वाईट संस्कार' असं वेगळं सांगावं लागतं, आणि 'याला संस्कारच नाहीत' ही शिवी ठरते. खरं तर संस्कार नसलेलं माणूस असूच शकत नाही.

त्यातून 'संस्कारी' हा शब्द अधिकच आखडला. माझ्या लहानपणी घरात 'सुसंस्कृत' किंवा 'वळणाची मुलगी' असं म्हणत. 'संस्कारी सून' मी पहिल्यांदा ऐकली ती हिंदी मालिकांत, आणि तिथे तिचा अर्थ जवळजवळ 'उलट न बोलणारी' एवढाच होता. आता तो स्थळांच्या बायोडेटात दिसतो. पूर्वीच्या वधूवरांच्या जाहिरातीही आठवा. मुलगी 'सुशील, गृहकृत्यदक्ष' हवी, मुलगा नुसता 'निर्व्यसनी' असला की पुरे! तिच्यात गुण हवेत, त्याच्यात दोष नसला की झालं. हे मोजमाप कुणी शिकवलं नाही, वाचता वाचता ते आपलं झालं.

'मूल्य' म्हणजे किंमत. त्याचंच घरगुती रूप 'मोल'. मोलमजुरी त्यातूनच आली, मोलकरीणही. महाराष्ट्रातल्या शाळांनी मूल्यशिक्षणात जी दहा मूल्यं घेतली, त्यांत श्रमप्रतिष्ठा आहे, स्त्री-पुरुष समानता आहे आणि वैज्ञानिक दृष्टिकोनही आहे. दारात मोलकरीण उभी असताना तिचा कप वेगळा ठेवला जातो, तेव्हा हातून घडतो तो संस्कार. 'हा कप वेगळा का?' असं मुलीने विचारलं, की तिचं मूल्य सुरू झालं.

म्हणून निबंधाचं नाव 'माझी मूल्ये' हेच राहू द्या. आजींकडून आलेलं काय ती ठेवणार आणि काय बदलणार, हे तिने नावानिशी लिहावं. आणि आजींना एक विचारून पाहा: त्यांच्या आईने या सगळ्याला कोणता शब्द वापरला असता? माझा अंदाज 'वळण' असा आहे.