अक्कलदाढेची मुळं नसेला टेकली असतील तर दाढ काढायचीच का?

ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, खालची अक्कलदाढ आडवी, मुळं नसेवर, आणि डॉक्टर म्हणतात ‘काढू, पण ओठ बधिर होऊ शकतो’, असं तुम्ही लिहिलंय. माझं दोन्हीकडे हेच होतं. इलाज मात्र दोन वेगळे झाले.

उजवी दाढ इथे इंदूरलाच नुसत्या ओपीजीवर काढली. दवाखान्याचं नाव राहू द्या. ओठ-हनुवटी चारेक महिने बधिर होती. पोह्यावरची शेव ओठाला चिकटलीय हे मला बायकोने खूण केल्यावर कळायचं. ओठ वाकडा होत नाही, ही नस फक्त संवेदनेची. पण दाढी करताना कापलं तरी पत्ता नाही. मग मुंग्या यायला लागल्या, हळूहळू जाग आली. काहींना ती येतच नाही.

डावीच्या वेळी दुसऱ्या सर्जननी आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करायला लावला. ओपीजी सपाट असतो, नस मुळाच्या कुठल्या अंगाला आहे ते त्यात कळत नाही. त्यांनी माऊस सरकवत एकेक काप दाखवला: नसेच्या नळीभोवती पांढरी कड, आणि नेमकी मुळापाशी तुटलेली. मध्ये हाडच नाही! म्हणून कोरोनेक्टॉमी केली. दाढेचा वरचा भाग कापून काढायचा, मुळं हाडाच्या कडेखाली २-३ मिलिमीटर ठेवून हिरडी शिवायची. आई म्हणाली, “अर्धीच काढली, मग पैसे पूर्ण कसे घेतले?”

ही मुळं पुढे वर सरकू शकतात. त्रास झालाच तर पुन्हा काढावी लागतात, पण तोवर ती बहुधा नसेपासून लांब गेलेली असतात. दाढेला खोल कीड असेल, मुळाशी पू असेल किंवा कापताना मुळंच हलली, तर मात्र पूर्ण दाढ काढावी लागते. म्हणून संमती दोन्हीची द्यावी लागते.

ब्रेसेसच्या तारेने दाढ हळूहळू ओढून मग काढण्याचाही प्रकार आहे, त्याला महिने लागतात. आणि दुखत नसेल, हिरडी सुजत नसेल, पुढच्या दाढेला कीड नसेल, तर अधूनमधून एक्स-रे काढत राहू देणं हाही पर्यायच.

काहीही केलंत, तरी दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिर वाटली तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा. मी टाके काढायच्या तारखेपर्यंत थांबलो होतो.