ज्युरी ड्युटीचं (कोर्टात खटला ऐकून निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसण्याचं) समन्स आलंय आणि मॅनेजर म्हणतो, "रिलीज आहे, काहीतरी कारण सांगून टाळ." काय करू?

खोटं कारण अजिबात देऊ नका. समन्स कोर्टाचं आहे, तुमच्या कंपनीचं नाही. तुम्ही कॅलिफोर्नियात आहात आणि नुकतेच अमेरिकेचे नागरिक झालात असं लिहिलंय, म्हणून तिथलं सांगतो.

आधी वाजवी पूर्वसूचना दिलीत, तर ज्युरीसाठी रजा घेतली म्हणून कंपनी तुम्हाला कामावरून काढू शकत नाही, त्रासही देऊ शकत नाही. त्यामुळे आजच समन्सचा फोटो जोडून मॅनेजर आणि एचआरला ईमेल करा. तोंडी सांगून थांबू नका. पुढे वाद झालाच तर हाच ईमेल कामी येईल.

रिलीज खरंच त्याच आठवड्यात असेल तर कोर्टाकडे ज्युरीची तारीख पुढे ढकलून मागा. पहिल्यांदा मागितली तर बहुतेक वेळा सहज मिळते. सोयीचा आठवडा निवडा, मात्र मग तो पाळा. शिवाय तिथे 'एक दिवस किंवा एक खटला' अशी पद्धत आहे. पहिल्या दिवशी खटल्यासाठी निवड झाली नाही तर बहुतेकांची त्याच दिवशी सुटका होते आणि निदान वर्षभर पुन्हा बोलावत नाहीत.

पगाराचं मात्र नीट विचारून घ्या. ज्युरीच्या दिवसांचा पगार देण्याची सक्ती तिथल्या खासगी कंपन्यांवर नाही, पण पुष्कळ कंपन्या देतात. तुम्ही ओव्हरटाइम न मिळणारे पगारदार असाल आणि त्या आठवड्यात थोडंही काम केलं असेल, तर फेडरल (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या) नियमांनुसार ज्युरीसाठी पगार कापता येत नाही. कोर्टाकडून मिळालेलं मानधन तेवढं वजा करता येतं.

आणि गेलात की मन लावून ऐका. समोर कुणाच्या तरी आयुष्याचा निकाल असतो.