चंद्रतालला दोघांनीच जायचंय

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आम्ही नवरा-बायको हिमाचलमधल्या चंद्रताल तळ्यावर जाणार आहोत. कळसूबाई सहज चढतो. मनालीहून त्याच दिवशी तळ्यापाशी मुक्काम केला तर?

उत्तर : करू नका. कळसूबाई १,६४६ मीटर, चंद्रताल सुमारे ४,२५०. मनाली जेमतेम २,००० मीटरवर आहे. एका दिवसात एवढी उंची गाठली, की विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला वेळच मिळत नाही. दमसास कितीही दांडगा असो, विरळ हवेचा त्रास कुणालाही होतो. शिमला-किन्नौरमार्गे टप्प्याटप्प्याने स्पिती खोऱ्यातल्या काझाला या, तिथे किमान दोन रात्री काढा, मग कुंझुम खिंडीतून तळं गाठा. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा.

डोकं दुखून मळमळलं, तर आणखी वर चढू नका. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरा. म्हणूनच गाडी आणि चालक मुक्कामी थांबवून घ्या. जोडीदाराने ‘काही नाही, थकलोय’ म्हटलं, तरी त्याला सरळ रेषेत चालायला लावून बघा. तळ्याच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. छावण्या तळ्याच्या अलीकडे, थोड्या अंतरावर असतात. रात्री पारा शून्याजवळ उतरतो.