दोन मिनिटांच्या ट्रेलरवर पोट भरतं का?

सप्रेम नमस्कार,

ठाण्याच्या वर्तकनगरहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, विनोदी सिनेमांचे ट्रेलर पुन्हा पुन्हा बघते, लॅपटॉपवर स्वतः कापून पाहते आणि ‘मला हेच करायचंय’ म्हणते. दोन मिनिटांच्या तुकड्यावर कुणाचं पोट भरतं का, असं तुम्ही विचारलंय. भरतं. मुंबईत केवळ ट्रेलर, टीझर, प्रोमो करणारे एडिटर आहेत. अनेकदा सिनेमाचा एडिटर एक असतो आणि ट्रेलरचा दुसराच.

काम किती बारीक आहे ते सांगते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने सोसायटीच्या गणपतीतल्या एकांकिकेचा ट्रेलर केला होता. घरमालकाने एकाच खोलीची चावी दोघांना दिलेली. दार उघडतं, तर दोघंही बॅगा घेऊन उंबऱ्यात! त्याने लगेच पुढचा संवाद लावला होता. कुणी हसलं नाही. मग त्याने संगीत तिथेच तोडलं आणि घरमालकाचा उतरलेला चेहरा अर्धा सेकंद जास्त धरला. सिनेमाच्या हिशेबात, म्हणजे सेकंदाला २४ चित्रं धरली तर, १२ फ्रेम. संवाद तेच, नट तेच, पण या वेळी खोलीत हशा पिकला. मला तो अर्धा सेकंद अजून आठवतो.

विनोदी ट्रेलरने कोण, कुठे आणि कसल्या फजितीत अडकलंय एवढं चटकन सांगावं. सुटका कशी होते ते मात्र झाकून ठेवावं. सगळे पंच ट्रेलरमध्येच उधळले की थिएटरात बसलेला माणूस ‘हे तर पाहिलंय’ म्हणतो, आणि तो फसवल्यासारखा घरी जातो. सिनेमाचं नाव झळकल्यावर अगदी शेवटी एक छोटा विनोद टाकायची पद्धत आहे. लोक तोच बोलत उठतात. शिवाय बरेच जण मोबाइलवर आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून गंमत चेहऱ्यावरही दिसावी लागते.

पदवी मात्र तिला पूर्ण करू द्या. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेतल्या तीन वर्षांच्या एडिटिंगच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, शिवाय प्रवेश परीक्षा असते. तोवर सरावाला दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. सुरुवात असिस्टंट म्हणूनच होईल: रशेस, म्हणजे शूटिंगचं न कापलेलं चित्रण, नीट लावायचे, निर्मात्याने सुचवलेले बदल रात्री बसून करायचे. पहिली वर्षं पैसे बेताचेच. कामं बरीचशी अंधेरीकडे, म्हणजे ठाण्याहून लोकलने घाटकोपर आणि पुढे मेट्रो. रात्री उशीर होणार. त्याची तुम्हाला काळजी वाटणं रास्त आहे, तिच्याशी आधीच बोलून घ्या.

या दिवाळीच्या सुट्टीत तिला घरच्या एखाद्या जुन्या लग्नाच्या व्हिडिओतून ९० सेकंदांचा विनोदी ट्रेलर करायला सांगा. त्या लग्नाला न गेलेल्या चौघांना दाखवा. तो संपल्यावर गोष्ट काय होती ते त्यांनाच विचारा, आणि ते कुठे हसले ते तिला वहीत लिहू द्या. ती वही आणि लॅपटॉप घेऊन दोघंही या.