शोनबर्गवर मराठीत विनोदी कविता होऊ शकते का?

विचारलंय की ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गचं आयुष्य आणि संगीत यावर मराठीत हलकीफुलकी कविता जमेल का. का नाही जमणार, माणूसच असा आहे! ही घ्या:

तेरा तारखेस जन्म
तेरा आकड्याची भीती
बारा सुरांत रमला
पुढे मोजणार किती?

सा ला नाही थोरपण
प ला नाही खास मान
बारा जण रांगेमध्ये
ज्याची पाळी त्याची तान

साल पुन्हा तेरा आलं
हॉलमध्ये मारामारी
वाद्य राहिले बाजूला
थप्पड वाजली भारी

ऑपेराच्या शीर्षकात
अक्षरं तेरा भरली
एक 'ए' दिला काढून
बारा मोजून उरली

यातलं काहीच मी मनाने घातलेलं नाही. जन्म व्हिएन्नाचा, १३ सप्टेंबर १८७४. तेरा आकड्याला हा माणूस खरंच घाबरायचा, आणि 'मोझेस उंड आरोन' या ऑपेराच्या नावातला एक ए त्याने म्हणूनच उडवला असं सांगतात, मोजून बघा, आरोनमध्ये दोन ए ठेवले तर रोमन लिपीत बरोबर तेरा अक्षरं होतात.

दुसऱ्या कडव्याचं सांगतो कारण तिथेच खरी मजा आहे. पेटीवर एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या असतात ना, त्या बाराही सुरांची एक रांग आधी ठरवायची आणि ढोबळमानाने सांगायचं तर सगळ्यांची पाळी होईपर्यंत पहिला सूर परत घ्यायचा नाही. मग ती रांग उलटी वाजवा, आरशात धरल्यासारखी फिरवा, वर-खाली सरकवा, सगळं चालतं, पण परत येऊन टेकायला सा नाही! आपल्या कानाला हे जड जातं, मान्य. ही पद्धत १९२० नंतरची. थपडा त्याआधीच्या, ३१ मार्च १९१३, व्हिएन्नाच्या म्युझिकफेरआइन या सभागृहात स्वतः शोनबर्ग कंडक्ट करत होता, त्याचा शिष्य बेर्ग याची गाणी सुरू झाली आणि लोक हातघाईवर आले, शेवटी ठेवलेली मालर या संगीतकाराची रचना वाजलीच नाही.

त्याच्या मृत्यूवर कडवं मात्र मी केलं नाही. १३ जुलै १९५१, शुक्रवार, लॉस एंजेलिस, वय ७६ म्हणजे सात अधिक सहा, दिवसभर तो धास्तावलेला आणि मध्यरात्र व्हायला थोडाच वेळ असताना गेला. नाझी आल्यावर जर्मनी सोडावी लागलेला ज्यू माणूस होता तो, तिथे यमक जुळवायला माझा हात चालत नाही.

आणि भांडी पडल्यासारखं संगीत ही घिसीपिटी थट्टाही मुद्दाम टाळली. ज्यांना ती करायची असेल त्यांनी आधी १८९९ मधलं 'फरक्लेर्टे नाख्ट' ऐका, सहा तंतुवाद्यं, जेमतेम अर्धा तास, पंचविशीतल्या पोराचं काम आहे. मग 'पिएरो ल्युनेर' लावा. बारा सुरांच्या रचना त्यानंतर, घाई नको.