हृदयाजवळ चाकू घुसला असेल तर दुर्बिणीतून ऑपरेशन होतं का?
होतं, पण रक्तदाब स्थिर असलेल्या पेशंटचंच. बीपी ढासळत असेल किंवा छातीत नळी घालताच 1500 मिली रक्त आलं, तर छाती उघडावीच लागते. तिथे दुर्बिणीचा हट्ट जिवावर बेततो.

स्थिर पेशंटची आधी सोनोग्राफी करून हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त आहे का ते बघतात. इथेच फसगत होते. पिशवी फाटली असेल तर रक्त डाव्या छातीत वाहून जातं, पिशवी रिकामी दिसते आणि हृदयाची जखम नजरेतून सुटते. डाव्या बाजूला रक्त साचलं असेल तर नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नये.

ऑपरेशनात त्या बाजूचं फुप्फुस मिटवून बरगड्यांमधून साधारण तीन छिद्रं पाडतात. फ्रेनिक नर्व्ह (श्वासाचा पडदा हलवणारा मज्जातंतू) सांभाळत, तिच्या पुढे पिशवीला छोटी खिडकी करतात. ताजं रक्त आलं तर सहसा छाती उघडून टाके घालतात. बरगडीलगतच्या धमनीचा रक्तस्राव किंवा साचलेल्या गुठळ्या मात्र बऱ्याचदा दुर्बिणीतूनच निभावतात.

आणि घुसलेला चाकू कृपा करून जागेवर उपसू नका, रक्त त्यानेच अडलेलं असू शकतं. दोन्ही बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या लावा, चाकू हलू देऊ नका आणि थेट हॉस्पिटल गाठा.