ग्राफिक्स कार्ड नेमके करते तरी काय?

आपल्या मुलीने आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप मागितला आहे. अशी कार्डे गेम खेळणाऱ्यांसाठी असतात, अशी आपली आजवरची समजूत होती. आता ऐरोलीत घराजवळच्या डेटा सेंटरांतही तीच लागतात असे वाचनात आल्यावर, संगणकात सीपीयू (मुख्य प्रोसेसर) असताना हा जीपीयू (ग्राफिक्स कार्डावरची चिप) वेगळे काय करतो, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका लहान कार्यालयात गेली अकरा वर्षे अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रे तयार करतो. बिल्डरांच्या माहितीपत्रकात संध्याकाळच्या उन्हाने उजळलेला जो दिवाणखाना दिसतो, तो आमच्यासारख्यांनीच संगणकावर उभा केलेला असतो. त्यामुळे हे उत्तर बरेचसे रोजच्या कामातून आलेले आहे.

जीपीयू सीपीयूपेक्षा वेगवान असतो, हे सर्रास बोलले जाते, पण ते तसे खरे नाही. आजचा चांगला सीपीयू पाच गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पाच अब्ज ठोक्यांच्या, आसपास धावतो, तर आमच्या कार्यालयातल्या आरटीएक्स ३०६० या कार्डाचा कमाल वेग सुमारे १.७८ गिगाहर्ट्झ आहे. फरक आहे तो संख्येचा. सीपीयूत आठ-सोळा कोअर, म्हणजे स्वतंत्र प्रोसेसर, असतात आणि त्यांतला प्रत्येक जण कोणतेही गुंतागुंतीचे काम एकट्याने निभावतो. या कार्डात मात्र ३,५८४ कोअर आहेत. (कोअर हा शब्द येथे कंपन्यांनी फारच उदारपणे वापरला आहे. ही खरे तर बेरीज-गुणाकार करणारी लहान एकके आहेत, स्वतंत्र प्रोसेसर नव्हेत.)

ठाण्याच्या गावदेवी मैदानात गुढीपाडव्याच्या सुमारास काढलेली महारांगोळी आपण कधी पाहिली असेल, तर जीपीयूची अर्धी रचना आपल्याला आधीच ठाऊक आहे. कितीही निष्णात कलाकार असला तरी तो एकटा मैदान भरू लागला तर पाडवा उलटून जाईल; म्हणून चित्राचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनावर एकेक जण बसतो. जीपीयूत मात्र कोणी आपल्या मनाने रंग भरत नाही. जीपीयू बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांत ३२ जणांचा एक गट असतो आणि त्या गटाला एका वेळी एकच आज्ञा मिळते. 'आता पिवळा' असा पुकारा झाला की ज्यांच्या चौकोनात पिवळा आहे ते भरतात आणि बाकीचे हात आवरून बसतात. 'आता निळा' म्हटले की उलट होते. त्यामुळे 'असे असेल तर हे करा, नसेल तर ते करा' अशा फाट्यांनी भरलेले काम जीपीयूवर रखडते, आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर महागड्या कार्डामुळे तसूभरही जलद होत नाही.

रंग, म्हणजे कामासाठी लागणारी माहिती, संपला तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. मेमरीतून माहिती येईपर्यंत प्रोसेसरचे शेकडो ठोके वाया जाऊ शकतात. सीपीयू हे टाळण्यासाठी लागणारी माहिती आधीच जवळच्या मोठ्या साठ्यात आणून ठेवतो आणि पुढे काय लागेल याचा अंदाज बांधत राहतो. चिपवरची बरीच जागा याच व्यवस्थेत जाते. जीपीयू ती जागा गणिती एककांना देतो आणि एक गट रंगाची वाट पाहत असेल तर तयार असलेला दुसरा गट तत्काळ कामाला लावतो. वाट पाहणे टळत नाही, मात्र ते बरेचसे झाकले जाते.

चित्राचे काम या रचनेला इतके का मानवते, हे आकड्यांवरून कळेल. १९२० गुणिले १०८० या नेहमीच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजे रंगाचे ठिपके, असतात आणि दृश्य सेकंदाला ६० वेळा बदलायचे असेल, तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख पिक्सेलांचे रंग ठरवावे लागतात. इमारतीचा त्रिमितीय नमुना म्हणजे लक्षावधी त्रिकोणांची जाळी असते. प्रत्येक त्रिकोणाचे कोपरे कॅमेऱ्यातून कोठे दिसतील हे मॅट्रिक्सच्या (आकड्यांच्या कोष्टकांच्या) गुणाकाराने काढले जाते, मग तो त्रिकोण कोणते पिक्सेल व्यापतो ते ठरते, आणि प्रत्येक पिक्सेलपाशी सर्वांत जवळचे काय आहे याची नोंद ठेवली जाते, म्हणजे कठड्यामागची पाण्याची टाकी कठड्यातून आरपार दिसत नाही. त्यानंतर लाकडाचा किंवा फरशीचा पोत (पृष्ठभागावर चढवायचे चित्र) आणि प्रकाश यांचा हिशेब होऊन रंग ठरतो. यातल्या बहुतेक पायऱ्यांवर एका पिक्सेलला शेजारच्या पिक्सेलची वाट पाहावी लागत नाही.

दिवाणखान्यात खिडकीतून आलेले ऊन फरशीवर आपटून छतावर मंद पसरते, ते मात्र या पद्धतीने नीट साधत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यातून उलट दिशेने किरण सोडून तो कोठे आपटतो, तेथून कोठे वळतो, याचा माग काढावा लागतो, आणि तोही प्रत्येक पिक्सेलमागे शेकडो वेळा. याला रे ट्रेसिंग म्हणतात. २०१८ मध्ये एनव्हिडियाने किरणांचा हा माग काढण्यासाठी स्वतंत्र परिपथ असलेली आरटीएक्स कार्डे आणली. सीपीयूवर ज्या चित्रांसाठी आम्ही संगणक रात्रभर चालू ठेवून घरी जात असू, त्यांतली बरीचशी आता चहा पिऊन येईपर्यंत तयार होतात.

तरीही कार्ड निवडताना कोअरच्या संख्येपेक्षा मी आधी मेमरी पाहतो. हा धडा मला एका गृहसंकुलाच्या हवाई दृश्याने दिला. ग्राहकाला दुसऱ्या दिवशी सकाळी चलचित्र हवे होते, आणि आमच्या तेव्हाच्या ८ जीबीच्या कार्डात ते दृश्य मावेना. जे मावत नाही ते संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवून पुन्हा पुन्हा आणले जाते, आणि ती वाट फार अरुंद असते. आरटीएक्स ३०६० आपल्या स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला ३६० जीबी माहिती उचलू शकते, तर मदरबोर्डवरून कार्डाकडे येणाऱ्या मार्गाने सेकंदाला जेमतेम ३२ जीबी येते. चलचित्राच्या ज्या एका चौकटीला (फ्रेमला) चार मिनिटे लागत, तिला अर्धा तास लागू लागला. शोधल्यावर दोन दोष सापडले. दूरवरच्या कुंड्यांनाही ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलांचे पोत लावलेले होते, आणि असा एक पोत न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवला की ६४ एमबी जागा घेतो. तोच १०२४ गुणिले १०२४ केला की ४ एमबीत बसतो. शिवाय प्रत्येक झाड स्वतंत्रपणे साठवले होते. एकच गुलमोहर मेमरीत ठेवून 'हाच तेथेही दाखव' असे हजार ठिकाणी सांगता येते, हे मला माहीत होते, पण घाईत कोणी केले नव्हते. ते केल्यावर दृश्य मावले. १२ जीबीचे कार्ड आम्ही त्यानंतर घेतले.

आता डेटा सेंटरांविषयी. जीपीयू हे नाव १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ बाजारात आणताना रूढ केले आणि त्यानंतर काही वर्षे या चिपला चित्रांपलीकडचे काही सांगण्याची सोयच नव्हती. काही संशोधक आपले आकडे चित्राच्या पोतात लपवून पाठवत आणि उत्तर रंगांच्या रूपात वाचून घेत. २००७ मध्ये एनव्हिडियाची कूडा ही प्रोग्रामिंगची सोय उपलब्ध झाल्यावर हा खटाटोप संपला आणि नेहमीच्या सी भाषेसारख्या भाषेत जीपीयूला सरळ गणित सांगता येऊ लागले. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील तिघांनी घरगुती गेमिंगच्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर, प्रत्येकी ३ जीबी मेमरीत, पाच-सहा दिवसांत शिकवलेल्या ॲलेक्सनेट या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने चित्रे ओळखण्याची स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली. इमारतीचा कोपरा पडद्यावर बसवणारा आणि यंत्राला भाषा शिकवणारा हिशेब मुळात एकच आहे, तो म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार.

त्यामुळे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या किंवा पनवेलजवळच्या डेटा सेंटरांत असणारे जीपीयू आपल्या मुलीच्या लॅपटॉपमधल्या जीपीयूचेच भाऊबंद असतात, फक्त पडद्याला जोडण्याची गरज त्यांना राहिलेली नसते. एनव्हिडियाच्या एच१०० या डेटा सेंटरसाठीच्या जीपीयूत ८० जीबी मेमरी असते आणि तो ७०० वॉटपर्यंत वीज घेतो. घरातल्या मिक्सरलाही साधारण तेवढीच वीज लागते, पण येथे असे हजारो मिक्सर अहोरात्र चालतात असे समजा. त्या इमारतींना वीज आणि थंडावा यांची एवढी काळजी का असते, ते त्यावरून लक्षात येईल.

मुलीसाठी माझे मत असे आहे. द्विमितीय आराखडे काढताना बहुतेक भार सीपीयूच्या एकाच कोअरवर असतो आणि तेवढ्यासाठी वेगळे कार्ड लागत नाही. मात्र त्रिमितीय नमुने आणि त्यांची वास्तव वाटणारी चित्रे दुसऱ्या वर्षापासून मागितली जातात, तेव्हा तिची मागणी चैनीची नाही. लॅपटॉपवर लिहिलेल्या नावावर विसंबू नका. आरटीएक्स ४०६० या एकाच नावाखाली लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत वीज घेणारी कार्डे मिळतात आणि त्यांच्या कामात मोठे अंतर असते, म्हणून वॉटचा आकडा दुकानदाराकडून लेखी घ्या. शक्य असल्यास तिच्या वरच्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याची सर्वांत जड फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन दुकानातच उघडा, टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या पानावर जीपीयूची मेमरी किती भरते ते पाहा, आणि पंधरा मिनिटे चित्र तयार होऊ देऊन वेग सुरुवातीइतकाच राहतो की यंत्र तापून मंदावते, हेही तपासून घ्या.